राहतं घर, कामाचं घर

हाँगकाँगमध्ये मुलं सांभाळायला आणि घरकामाला परदेशातून येणारी प्रत्येक बाई एका छापील करारावर सही करते. करार दोन वर्षांचा असतो. तो सरकारनेच ठरवून दिलेला आहे आणि त्याच्याशिवाय व्हिसा मिळत नाही. कराराला एक परिशिष्ट जोडलेलं असतं. त्यातले रकाने मालकाने भरायचे असतात. घराचं क्षेत्रफळ किती? घरात मोठी माणसं किती? पाच वर्षांवरची मुलं किती, पाच वर्षांखालची किती? घरात बाळ येऊ घातलं आहे का? जन्माला न आलेलं मूलही या कागदावर कामाच्या हिशोबात धरलेलं असतं.

पुढे कामांची यादी येते: घरकाम, स्वयंपाक, वृद्धांची देखभाल, तान्ह्या बाळाला सांभाळणं, मोठ्या मुलांवर लक्ष ठेवणं. त्याच कागदावर बाईला घरात काय मिळेल तेही लिहायचं असतं. दिवा-पाणी, संडास-न्हाणी, पलंग, पांघरूण, उशी, कपाट. ती झोपणार कुठे, यालाही रकाना आहे. वेगळी खोली असेल तर तिचं क्षेत्रफळ लिहायचं, नसेल तर घरातल्या मुलाच्या खोलीत तिची सोय केली आहे असं लिहायचं आणि त्या मुलाचं वय नोंदवायचं.

इतकं सगळं विचारणाऱ्या या कागदावर एक गोष्ट मात्र विचारलेली नाही. दिवसाला काम किती तास? तो रकानाच नाही. परदेशात दुसऱ्याच्या घरी राहून दुसऱ्याची मुलं वाढवणाऱ्या बाईचं आयुष्य समजून घ्यायचं, तर तिथूनच सुरुवात करावी लागते. ज्या घरात ती काम करते त्याच घरात ती राहते. तिच्या पगाराचा, झोपेचा, जेवणाचा, मुलांशी जडणाऱ्या मायेचा आणि त्या मायेच्या शेवटाचा प्रश्न याच एका गोष्टीशी येऊन मिळतो.

गरज कुठून उभी राहिली

विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात हाँगकाँगच्या सुखवस्तू घरांत मुलं सांभाळायच्या त्या 'आमा'. यांतल्या पुष्कळ जणी दक्षिण चीनमधल्या शुंदे भागातल्या होत्या. पांढरा सदरा, काळी विजार आणि आयुष्यभर लग्न न करण्याचं व्रत, ही त्यांची ओळख. पुढे 1960च्या दशकात शहरात कापडाचे, खेळण्यांचे, प्लास्टिकच्या वस्तूंचे कारखाने उभे राहिले आणि तरुण मुली घरकाम सोडून तिकडे वळल्या. म्हाताऱ्या आमा निवृत्त झाल्या, नव्या आल्या नाहीत. त्याच सुमारास मध्यमवर्गातल्या बायकाही नोकरीसाठी घराबाहेर पडू लागल्या होत्या. घरात मूल आणि दोघंही कामावर, अशी घरं झपाट्याने वाढली. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने परदेशी घरकामगारांना दार उघडलं.

समुद्रापलीकडे फिलिपिन्समध्ये तेव्हा राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांचं सरकार होतं. 1974 साली तिथे नवा कामगार कायदा आला आणि माणसांना परदेशी नोकरीला पाठवणं हे सरकारी धोरण बनलं. बेकारी कमी होईल आणि परकीय चलन येईल, हा त्यामागचा हिशोब. नंतर इंडोनेशियाही याच वाटेने गेला. आज सुमारे 75 लाख लोकवस्तीच्या हाँगकाँगमध्ये परदेशी घरकामगारांची संख्या साडेतीन लाखांच्या पुढे आहे. निम्म्याहून थोड्या जास्त फिलिपिनो, उरलेल्यांतल्या बहुतेक इंडोनेशियन. भारत, थायलंड, श्रीलंका इथल्या बायकाही थोड्या संख्येने आहेत.

आईला मिळणारी बाळंतपणाची पगारी रजा तिथे 2020 सालच्या डिसेंबरपर्यंत अवघी दहा आठवड्यांची होती. आता ती चौदा आठवडे आहे. बालवाडी तिसऱ्या वर्षी सुरू होते आणि बऱ्याच ठिकाणी ती अर्ध्या दिवसाचीच असते. म्हणजे रजा संपल्यापासून बालवाडीपर्यंतची जवळजवळ पावणेतीन वर्षं आणि पुढचे अर्धे दिवस कुणीतरी भरून काढायचे. आजी-आजोबा हाताशी नसतील, तर ते 'कुणीतरी' परदेशातून येतं.

पहाट ते रात्र

एखाद्या मध्यमवर्गीय घरातला नेहमीचा दिवस घेऊ. घरात चार वर्षांची मुलगी आहे, दहा महिन्यांचा मुलगा आहे. हाँगकाँगमध्ये माणशी राहती जागा सरासरीने सुमारे 16 चौरस मीटर, म्हणजे 170 चौरस फूट. अशा घरात बाळाने कूस बदलली तरी सगळ्यांना कळतं.

बाई सहाच्या आधी उठते. दुधाच्या बाटल्या उकळून ठेवते, तांदळाची पेज शिजत लावते, मुलीचा गणवेश काढून ठेवते. बाळ उठलं की त्याचा डायपर बदलायचा आणि त्याला कडेवर घेऊनच मुलीला उठवायचं. मुलगी रडते, मोजे घालू देत नाही, पेज नको म्हणते. आई-बाबा आवरून बाहेर पडायच्या घाईत असतात. साडेआठच्या आत मुलीला बालवाडीच्या बसपर्यंत पोचवायचं. पाठीला बाळ बांधलेलं, एका हातात मुलीचा हात, दुसऱ्या हातात दप्तर आणि छत्री.

परतताना मंडई. मासा ताजा हवा, भाजी कोवळी हवी, आणि प्रत्येक डॉलरची पावती घरी दाखवायची. हे सगळं कँटनी भाषेत, जी ती दोन-चार महिन्यांत कानावर पडेल तशी शिकली. घरी आल्यावर बाळाला भरवणं, निजवणं, ते निजलं की लादी, कपडे, न्हाणीघर. दुपारी मुलगी परत येते. जेवण, मग बागेत घसरगुंडी. घरी आल्या आल्या हात धुवायचे, मग चिनी अक्षरं गिरवण्याचा गृहपाठ, जो तिथे बालवाडीतही असतो. स्वतःला न वाचता येणाऱ्या लिपीतली अक्षरं मुलीने नीट गिरवली की नाही, हे ती नमुन्याशी ताडून बघते.

संध्याकाळी मालक-मालकीण घरी येतात. ही वेळ बाईला सगळ्यांत अवघड जाते. मुलं दिवसभर तिच्याजवळ असतात, आणि आई दारात आली की त्यांनी आईकडे धावावं अशी साऱ्यांचीच इच्छा असते, तिचीही. पण दहा महिन्यांच्या बाळाला हे कळत नाही. ते आईच्या हातात जाऊन पुन्हा हिच्याकडे झेपावतं. आईचा चेहरा उतरतो. जाणत्या बायका अशा वेळी काही काम काढून स्वयंपाकघरात जातात. बाळाने आईकडे रुळावं म्हणून त्याच्या नजरेआड व्हायचं, हे त्यांना कोणत्याही प्रशिक्षणात शिकवलेलं नसतं. पण त्या ते शिकतात, कारण त्यावर त्यांची नोकरी टिकते, आणि ते मुलाच्या भल्याचंही असतं.

रात्रीचं जेवण, भांडी, इस्त्री. मग ती मुलांच्या खोलीतल्या आपल्या गादीवर येते. दोन वाजता बाळ रडलं तर आधी तीच उठणार, कारण सगळ्यांत जवळ तीच आहे. आता सांगा, तिचं काम किती वाजता संपलं?

न मोजलेले तास

कायद्यापाशी या प्रश्नाला उत्तर नाही. हाँगकाँगमध्ये 1 मे 2011 पासून ताशी किमान वेतनाचा कायदा लागू झाला. मालकाच्या घरी राहणारे घरकामगार त्यातून वगळले गेले. राहून काम करणाऱ्याचे कामाचे तास मोजणं अवघड, आणि राहण्या-जेवणाची सोय मालक करतोच, ही त्यामागची कारणं. त्यांच्यासाठी वेगळं मासिक किमान वेतन ठरतं. 2025 सालच्या सप्टेंबरअखेरीपासून ते 5,100 हाँगकाँग डॉलर आहे. आपल्या हिशोबाने पन्नास हजारांहून जास्त रुपये. जेवण दिलं नाही, तर महिना किमान 1,236 डॉलर भत्ता द्यावा लागतो.

आपल्याला हा आकडा मोठा वाटतो. आता तासांनी भागून बघू. रोजचे बारा तास आणि महिन्याचे 26 दिवस धरले, तर 312 तास होतात. म्हणजे ताशी साधारण 16 डॉलर. त्याच शहरात इतर कामगारांसाठी 2025 च्या मेमध्ये ताशी किमान वेतन 42.1 डॉलर झालं. राहण्या-जेवणाचा खर्च यात मिळवला तरी ही दरी भरून येत नाही. आणि बारा तास हा कमीत कमी अंदाज आहे. त्यात रात्रीचं उठणं धरलेलं नाही.

वरून 2003 पासून मालकाच्याच घरी राहणं सक्तीचं आहे. बाहेर खोली घेऊन सकाळी येईन, रात्री जाईन, असं बाईने म्हटलं आणि मालकानेही मान्य केलं, तरी कायदा परवानगी देत नाही. फिलिपिन्सच्या एका घरकामगार बाईने या नियमाला न्यायालयात आव्हान दिलं. 2018 साली ती हरली, 2020 साली अपिलातही हरली. राहण्याची जागा 'योग्य' असावी आणि पुरेसा आडोसा असावा, असं करारात लिहिलेलं आहे. बोळात तात्पुरता पलंग टाकून झोपवणं किंवा परक्या प्रौढ पुरुषासोबत एका खोलीत ठेवणं अयोग्य, असंही त्यात म्हटलेलं आहे. पण छोट्या घरात 'योग्य' म्हणजे काय, हे शेवटी मालकच ठरवतो. स्थलांतरितांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी स्वयंपाकघरात, वॉशिंग मशीनवरच्या फळीवर, कपाटवजा कप्प्यात झोपणाऱ्या बायकांच्या नोंदी केल्या आहेत.

चांगली माणसं असलेली घरंही पुष्कळ आहेत. बाईला वेगळी खोली देणारी, तिच्या वाढदिवसाला केक आणणारी, तिच्या मुलांच्या शाळेची फी भरणारी. पण बाईची रात्रीची झोप मालकाच्या चांगुलपणावर अवलंबून असू नये. चांगुलपणा घरागणिक बदलतो, म्हणून तर कायदा लागतो.

मागे राहिलेली मुलं

मुलं सांभाळणाऱ्या पुष्कळ बायकांची स्वतःची मुलं गावाकडे असतात. ती आजीकडे, मावशीकडे, थोरल्या बहिणीकडे वाढतात. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांनी 2000 साली या रचनेला जगभर पसरलेली 'देखभालीची साखळी' म्हटलं. श्रीमंत देशातली आई कामावर जाते, तिच्या मुलाला गरीब देशातली आई सांभाळते, आणि तिच्या मुलाला गावातली आणखी गरीब बाई किंवा घरातली थोरली मुलगी. ऱ्हासेल सालाझार पारेन्यास यांनी रोम आणि लॉस एंजेलिसमधल्या फिलिपिनो बायकांचा अभ्यास करून 2001 साली पुस्तक लिहिलं, आणि ही साखळी माणसांच्या आयुष्यात कशी उतरते ते दाखवलं. साखळीच्या शेवटच्या कडीतल्या मुलाच्या वाट्याला सगळ्यांत कमी वेळ येतो.

झायझा क्रूझ बकानी यांची गोष्ट या साखळीतली आहे. त्या आठ वर्षांच्या असताना त्यांची आई घरकामासाठी परदेशी गेली. थोरली म्हणून धाकट्या भावंडांचं पाहायचं काम झायझाकडे आलं. एकोणिसाव्या वर्षी शिक्षण अर्धवट सोडून त्या स्वतः हाँगकाँगला गेल्या आणि आई जिथे काम करत होती त्याच घरात कामाला लागल्या. मालकिणीकडून उसने पैसे घेऊन त्यांनी कॅमेरा घेतला आणि सुट्टीच्या दिवशी रस्त्यावरचे फोटो काढू लागल्या. 2015 साली मॅग्नम फाउंडेशनची शिष्यवृत्ती मिळाली, आणि जवळपास दहा वर्षं घरकाम केलेली ही बाई जगभर छायाचित्रकार म्हणून ओळखली जाऊ लागली. 2018 साली त्यांचं 'वुई आर लाइक एअर' हे पुस्तक आलं. त्याच्या केंद्रस्थानी त्यांची आई आणि स्थलांतरित घरकामगारांचं जगणं आहे. आईची माया लांबून कशी पोचते आणि कुठे पोचत नाही, हे त्या स्वतःच्या घरावरून जाणतात.

पूर्वी आवाज कॅसेटवर भरून पाठवायचे, पत्रं लिहायची. आता व्हिडिओ कॉल आहे. रात्री मुलं निजली की बाई कानाला इयरफोन लावून हळू आवाजात आपल्या मुलाशी बोलते. जेवलास का, अभ्यास झाला का, दाढ दुखायची थांबली का. मिर्का माडियानू आणि डॅनियल मिलर या संशोधकांनी ब्रिटनमधल्या फिलिपिनो माता आणि फिलिपिन्समध्ये वाढलेली त्यांची मुलं, अशा दोन्ही बाजू ऐकल्या. फोनमुळे पुन्हा आईपण करता येतं, असं आयांना वाटत होतं. मुलांचं म्हणणं मात्र एकसारखं नव्हतं. काहींना आधार वाटे, काहींना फोनवरून येणारी ती नजर नको वाटे. लहानपणीच आई गेलेल्या मुलांना फोनवर बोलायचं काय, हाच प्रश्न पडे.

1988 साली फिलिपिन्सच्या राष्ट्राध्यक्ष कोराझोन अकिनो यांनी हाँगकाँगमध्ये घरकामगार बायकांसमोर भाषण केलं आणि त्यांना देशाचे 'नवे वीर' म्हटलं. तो गौरव खरा होता. या बायकांच्या पैशावर घरं उभी राहिली, भावंडं शिकली. पण वीर म्हणून सत्कार झालेल्या बाईलाही मुलाच्या आजारपणात त्याच्या उशाशी बसता आलं नाही.

रविवारचा रस्ता

सात दिवसांत एकदा सलग चोवीस तासांची सुट्टी हा तिचा कायदेशीर हक्क आहे, आणि बहुतेकींना ती रविवारी मिळते. सुट्टीच्या दिवशी मालकाच्या घरात थांबलं तर काही ना काही काम निघतंच. दुसरं घर नाही. म्हणून लाखभर बायका रस्त्यावर येतात.

सेंट्रल हा हाँगकाँगचा बँकांचा, चकाचक इमारतींचा भाग. तिथला चेटर रोड 1980च्या दशकापासून रविवारी वाहनांना बंद असतो. नॉर्मन फॉस्टर यांनी रचना केलेल्या एचएसबीसी बँकेच्या मुख्यालयाचा तळमजला चारी बाजूंनी मोकळा आहे. सकाळी या साऱ्या जागांवर पुठ्ठे अंथरले जातात. मोठी खोकी उलगडून जमिनीवर पसरायची आणि वाऱ्याला अडवायला कडेचे भाग उभे करायचे. चपला पुठ्ठ्याबाहेर काढून ठेवतात, घरात शिरताना ठेवतात तशा. आत डबे उघडतात, पत्ते खेळतात, एकमेकींची नखं रंगवतात, केस कापून देतात. शेजारी कुणी गावाकडे पाठवायचं भलंमोठं खोकं भरत असते: साबण, चॉकलेट, टूथपेस्ट, मुलाच्या मापाचे बूट. मुलाचं माप फोनवर विचारून घेतलेलं, आणि वाढत्या पायांसाठी एक नंबर मोठा घेतलेला. जवळच्या वर्ल्डवाइड हाउसमध्ये पैसे पाठवण्यासाठी रांगा लागतात. इंडोनेशियन बायका कॉजवे बे भागातल्या व्हिक्टोरिया पार्कात जमतात.

बेबी रुथ विलारामा यांच्या 'संडे ब्यूटी क्वीन' या 2016 च्या माहितीपटात याच बायका रविवारी सौंदर्यस्पर्धा भरवतात. त्याला त्या वर्षी मनिलाच्या चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला. या पुठ्ठ्यांवर संघटनाही उभ्या राहिल्या. पगार बुडाला तर तक्रार कुठे करायची, पासपोर्ट मालकाने ठेवून घेतला तर काय करायचं, हे नव्या बाईला पहिल्यांदा इथेच कळतं.

निरोप आणि परतीचं तिकीट

करार संपतो, किंवा महिन्याची नोटीस देऊन दोन्हीपैकी कुणीही तो संपवतं. 1987 पासूनच्या नियमाप्रमाणे करार वेळेआधी संपला तर बाईला साधारण दोन आठवड्यांत देश सोडावा लागतो. एवढ्या वेळात नवा मालक शोधून कागदपत्रं करणं फार थोड्या जणींना जमतं. म्हणून वाईट घर सोडायचीही भीती वाटते. चांगलं घर सुटतं तेव्हा दुसरं दुःख असतं. मुलांना नीट निरोप मिळतोच असं नाही. ती रडतील म्हणून बरेचदा बाईला ती शाळेत असताना पाठवलं जातं. तीन वर्षं जिच्या कुशीत निजलो ती एका दुपारी दिसेनाशी झाली, एवढंच मुलाला कळतं. नोकरी संपली तरी निरोप हा मुलाचाही हक्क आहे, हे मालकांनी समजून घ्यायला हवं.

या करारातलं एक कलम मात्र मोलाचं आहे. परत जाण्याचा प्रवासखर्च मालकाने द्यायचा. याचं मोल आपल्याला आपल्याच इतिहासातून कळतं. ब्रिटिश राजवटीत मुंबईहून, कलकत्त्याहून गोऱ्या कुटुंबांबरोबर आया बोटीने विलायतेला जात. वाटेत मुलं सांभाळायची, बोट लागली की काम संपलं. काहींना परतीचं भाडं न देताच लंडनमध्ये सोडून दिलं जाई. अशा आयांसाठी तिथे वसतिगृह निघालं. आधी ते ऑल्डगेट भागात होतं, 1900 साली लंडन सिटी मिशनने चालवायला घेतल्यावर हॅकनीत गेलं. परतीच्या बोटीवर कुणाला आया हवी आहे याची तिथे वाट पाहायची, आणि काम मिळालं की दुसऱ्याची मुलं सांभाळत घरी यायचं. हॅकनीच्या किंग एडवर्ड्स रोडवरच्या त्या घरावर 2022 साली स्मृतिफलक लागला. आयांकडे नव्हतं ते परतीचं तिकीट आज कागदावर हक्क म्हणून आलं आहे. असे हक्क मागितल्याशिवाय मिळालेले नाहीत.

पुढचे हक्क

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2011 साली घरकामगारांसाठी 189 क्रमांकाचा करार मंजूर केला. आयांच्या काळापासून आजवर जगात झालेल्या प्रयत्नांत हा सगळ्यांत भरीव. मालकाच्या घरी राहायचं की नाही, हे दोघांनी मिळून ठरवावं, असं तो म्हणतो. सुट्टीच्या वेळी घरात थांबण्याची सक्ती नसावी, कागदपत्रं बाईकडेच राहावीत, कामाच्या तासांबाबत इतर कामगारांसारखीच वागणूक मिळावी, असंही. जोडीच्या शिफारशीत तर हवेशीर, स्वतंत्र खोली, तिला कुलूप आणि किल्ली बाईच्या हातात, असं स्पष्ट लिहिलं आहे. फिलिपिन्सने 2012 सालीच या कराराला मान्यता दिली. भारताने मतदान बाजूने केलं, पण मान्यता अजून दिलेली नाही.

महाराष्ट्रात 2008 साली घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला. नोंदणी आणि कल्याणयोजना ही त्याची दिशा. मुंबई-पुण्यात बाळासाठी 'चोवीस तासांची बाई' ठेवणारी घरं आज पुष्कळ आहेत. तीही कुठल्या तरी दूरच्या जिल्ह्यातून, कधी दुसऱ्या राज्यातून आलेली असते. तिची मुलंही गावाकडे असतात. चोवीस तास हा शब्द आपण सहज वापरतो, पण चोवीस तास काम करू शकणारं माणूस नसतं. हाँगकाँगचा कायदा बदलणं आपल्या हातात नाही. आपल्या घरातली व्यवस्था मात्र आजच बदलता येईल. तास ठरवून लिहावेत. रात्री उठावं लागलं तर दुसऱ्या दिवशी तेवढी विश्रांती द्यावी. आठवड्याची सुट्टी न मागता द्यावी. झोपायला आडोसा आणि आतून लावता येईल अशी कडी द्यावी. तिच्या मुलाला फोन करायची वेळ रोज राखून ठेवावी. आपल्या मुलाला जी बाई जीव लावते, तिला एवढं देणं हे उपकार नव्हेत. तो तिच्या मोबदल्याचा भाग आहे, आणि तो पगाराइतक्याच काटेकोरपणे चुकता करायला हवा.